पटकथेत नसलेली मुलगी

मेकन, जॉर्जिया
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय जोनेल,

या आठवड्यात जितक्या वेळा फोन केला तितक्या वेळा तुझ्या त्या मेगननेच उचलला. "मिसेस प्रुइट, मॅडम मीटिंगमध्ये आहेत, काही निरोप आहे का?" निरोप आहे, पण परक्या पोरीच्या हाती देण्यातला नाही. जिला मी टबात बसवून, कान धरून आंघोळ घातली तिच्याशी बोलायला आता मला वेळ मागून घ्यावी लागते! शेवटी चिडून कागद ओढला. माझं अक्षर वाचताना तुझे डोळे दुखतील. दुखू देत. तुझी पटकथा वाचताना माझेही दुखले.

फुलं पोचली. एवढा मोठा गुच्छ दारात उतरताना पाहून शेजारच्या कॉर्लिसला वाटलं, आमच्याकडे कुणी गेलं की काय. ती बिचारी काळी टोपी चढवून, हातात केक घेऊनच आली. मी म्हटलं, "कुणी गेलेलं नाही गं, पोरीने सिनेमा लिहिलाय." तर म्हणते, "मग तर केक हवाच." आम्ही दोघींनी तो निम्मा संपवला. साखर वाढली तर खापर तुझ्या डोक्यावर.

तुला माझा होकार हवाय. चिठ्ठीत लिहिलंयस, "ममा, हा सिनेमा तुझ्यावर आणि ओटिसवर आहे, पहिल्यांदाच मी स्वतः दिग्दर्शन करणार आहे, तू हो म्हटल्याशिवाय कॅमेरा लावणार नाही." हे तुझं बोलणं मला आवडलं, म्हणून मीही सरळ सांगून टाकते. आत्ता टेबलावर जे कागद पडलेत त्यांना माझा होकार नाही. लगेच फुरंगटून बसू नकोस. पुढे वाच.

पहिल्याच पानावर मी पांढरा ॲप्रन बांधून अंगणात कपडे वाळत घालतेय आणि देवाचं गाणं म्हणतेय. जोनेल, मी गाते? मला चर्चच्या गायकांतून कशी काढली हे अख्ख्या मेकनला ठाऊक आहे. "सिस्टर अर्नेस्टीन, तुम्ही आपल्या दाराशी उभ्या राहा, देवाला तेही आवडतं," असं गोड बोलून माझ्या हातांत पांढरे हातमोजे चढवले, ते आजवर उतरलेले नाहीत. लोकांना जागा दाखवायची, रडणाऱ्यांना पंखा घालायचा, हातात कागदी रुमाल द्यायचे. आणि शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांचं जेवण रांधून घरी आल्यावर मला गाणी सुचत नसत, पाय सुजलेले असत. तुझ्या कथेतली बाई कधी चिडत नाही, कुणावर डाफरत नाही, नवऱ्याला टाकून बोलत नाही. ती कोण आहे मला माहीत नाही. भेटली तर विचारीन म्हणते, कसं जमतं बाई तुला.

हे मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढे तू ओटिसला, तुझ्या सख्ख्या भावाला, रस्त्यात उभा केलास आणि पोलिसाच्या गोळीने मारलास. ते पान वाचून मी उठले, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

का केलंस ते कळतं मला. गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता तूच सांगितलंस, पैसे लावणारे म्हणाले, आजाराने मेलेल्या मुलाचा सिनेमा कोण बघणार. सिकलसेल म्हटल्यावर त्यांतल्या एकाने म्हणे विचारलं, "हे काय असतं?" आपल्या काळ्या लोकांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आजार, आणि यांना त्याचं नावसुद्धा माहीत नाही! आपली पोरं त्यांना एकाच रीतीने मेलेली चालतात. तशी मरतातही, नाही कुठे म्हणतेय मी? भिंतीपलीकडे कॉर्लिस राहते. तिचा आंद्रे पेट्रोल पंपावरून घरी येताना खरोखर तसाच गेला. चर्चमध्ये त्याचं नाव घेतलं की आजही मी तिच्या मागे पंखा घेऊन उभी असते. तिच्या पोराचं मरण उचलून मी माझ्या पोराच्या अंगावर घालू? उद्या ती माझ्या शेजारी बसून हे बघेल तेव्हा कुठल्या तोंडाने तिच्याकडे बघू? परवा केक खाताना तिने सहज विचारलं, "कशावर आहे गं सिनेमा?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय." तिच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि तेही तुझ्यापायी.

तुझा एकही सिनेमा मी चुकवलेला नाही. न्यूयॉर्कला तू हॉटेलात बशा उचलायचीस आणि संध्याकाळी कुठल्याशा तळघरात नाटक करायचीस, तेव्हा तुझे वडील बसने जाऊन बघून आले. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं? म्हणाले, "खुर्च्या वाईट होत्या, पोरगी चांगली आहे." त्या माणसाच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही. पहिला सिनेमा आला तेव्हा चर्चची बस काढून आम्ही सगळे गेलो. तू मोलकरीण. दार उघडलंस, "जेवण वाढलंय, मॅम," म्हणालीस आणि गेलीस. आमच्या रांगेतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी वाट बघत होते, आता परत कधी येते. नाहीच आलीस. मग नर्स झालीस. मग टीव्हीवर न्यायाधीश. "आक्षेप मान्य" एवढं म्हणायला तुला किती वर्षं त्या खुर्चीत बसवून ठेवलं, आणि डोक्यावर तो टोप! कावळ्याने अर्धवट सोडलेलं घरटं बरं. आपल्या कुरळ्या केसांना हात लावायला बिचकणारी माणसं तुझ्या डोक्याशी उभी केली होती त्यांनी. तू गाडीत बसून, आरशात बघून स्वतःचे केस स्वतः करायचीस हे मला फार नंतर कळलं. मी त्या वाहिनीला खरमरीत पत्र लिहिलं होतं, तुला सांगितलं नाही. उत्तर आलं नाही, पण लिहून बरं वाटलं.

मग तुझ्या त्या आया सुरू झाल्या, मेलेल्या मुलांच्या. कुणाचा तुरुंगात गेलेला, कुणाचा युद्धात, आणि प्रत्येक शवपेटीशी उभी तू. ज्या सिनेमाने तुला मोठं पारितोषिक मिळवून दिलं, त्यात तू हातमोज्यासकट मूठ तोंडात कोंबून रडलीस. आवाज नाही, नुसते खांदे. थिएटरात माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. ओटिसच्या कबरीशी त्यांनी मला तशीच रडताना पाहिलं होतं. तू माझ्या कोटाचं टोक धरून उभी होतीस, दहा वर्षांची. मला वाटलं होतं, तू जमिनीकडे बघतेयस. थिएटरातून बाहेर पडले तेव्हा मला तुझा राग आला होता, खोटं कशाला सांगू. मग गेला. आईचं रडणं लेकीने नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं? पण तू पुढेही तेच घेत राहिलीस आणि लोक तुझ्याकडे तेच मागत राहिले. पेपरवाले लिहितात, दुःखाची सम्राज्ञी. दुःखाची! हसू आवरत नाही म्हणून जिला रविवारच्या शाळेतल्या बाईंनी दंड धरून बाहेर काढलं होतं, ती?

बरं, विनोदी काम तुझ्याकडे आलंच नाही म्हणावं, तर तसंही नाही. म्हाताऱ्या बायकांच्या बास्केटबॉल संघाचा तो सिनेमा आला होता ना? ऐकूनच मी इकडे हसून लोळले होते. तू नाही म्हणालीस. का, विचारलं तर म्हणालीस, "ममा, मला ते जमत नाही." जमत नाही! लहानपणी तू जेवढी होतीस तेवढीच्या तेवढी मला डोळ्यांसमोर दिसली. पोटावर उशी बांधलेली, वडिलांचा रविवारचा कोट जमिनीवर लोळतोय, हातात रुमाल, आणि तू आपल्या चर्चचे रेव्हरंड गॅस्किन झालेली. "बंधू-भगिनींनो, आज देवाचं डोकं दुखतंय! दानाच्या ताटात नाणी टाकू नका, खुळखुळ सहन होत नाही त्याला. आज फक्त नोटा!" आणि मग घाम पुसत, धापा टाकत, दुसऱ्यांदा ताट फिरवायचीस. खुद्द रेव्हरंडांनी एकदा खिडकीतून पाहिलं आणि पुढचे दोन रविवार ते पैशांवर बोललेच नाहीत. पोट धरून सगळ्यांत मोठ्याने हसायचा ओटिस.

पटकथा मी दुसऱ्यांदा वाचली, कारण काहीतरी चुकत होतं आणि हाती लागत नव्हतं. गोळीचं नाही, ॲप्रनचंही नाही. मग लक्षात आलं. त्या घरात आई आहे, बाप आहे, ओटिस आहे. लुसील आत्या आहे. कुत्रासुद्धा आहे, जो आपल्याकडे कधीच नव्हता. फक्त तू नाहीस. जेवायच्या टेबलाशी तुझी खुर्ची नाही, दोरीवर तुझा फ्रॉक नाही. ओटिसला बहीणच नाही. मी पानं मागे-पुढे करून शोधत राहिले. पोरीने स्वतःलाच घरातून काढून टाकलं, असं का करावं हिने, या विचारात मी बसले असताना मला लुसीलचा आवाज आठवला. खरंच आठवला, जणू ती आत्ता स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलीय.

ऑगस्टची दुपार होती. खिडकीतला पंखा गरम वारा आत फेकत होता. ओटिसच्या हाडांत कळा मारत होत्या, आणि तू त्याच्या पलंगाशी कोट घालून उभी होतीस, देवाचं डोकं दुखत होतं. ओटिस हसला, हसता हसता खोकायला लागला, खोकता खोकता पुन्हा हसला. तिकडून लुसील ओरडली, "पुरे कर गं ती माकडचेष्टा! हसवून हसवून जीव घेशील त्याचा!" तुझ्या आत्याच्या जिभेला हाड नव्हतं. ती मांजरालाही तसंच बोलायची, आणि संध्याकाळी त्यालाच दूध घालायची. तू कोट तिथेच टाकलास आणि मागच्या दाराने निघून गेलीस. दिवे लागायच्या आत ओटिस गेला. त्यानंतर तू रेव्हरंड कधी केले नाहीस. कुणाचीच नक्कल केली नाहीस. मला वाटलं, भावाचं दुःख आहे, पोर मोठी होतेय. लुसीलचं ते वाक्य तू उराशी धरून मेकनहून न्यूयॉर्कला आणि तिथून हॉलिवूडपर्यंत नेलंस, हे मला या मंगळवारी, तुझी रिकामी खुर्ची बघून कळलं. लुसील आज जिवंत असती तर भांडले असते मी तिच्याशी. आता कबरीवर जाऊन भांडेन, पण ते तुझं-माझं झाल्यावर.

म्हणून हे पत्र. नीट वाच, घाई करू नकोस. त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी मला आणि तुझ्या वडिलांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं, आता आमच्या हातात काही नाही, पोराला घरीच राहू द्या, त्याला हवं ते करा. तुला सांगितलं नाही, दहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार? मी ओटिसजवळ बसले आणि विचारलं, "काय करू तुला बाळा, पीच घालून गोड कॉबलर भाजू?" तो म्हणाला, "जोनेलला बोलव. रेव्हरंड करायला सांग तिला." हाक मी मारली होती तुला. आठवून बघ. कोटही कपाटातून मीच काढून दिला. तू निघून गेल्यावरही तो हसतच पडला होता, कळा विसरून. बऱ्याच दिवसांनी तो मला माझ्या मुलासारखा दिसला. मग म्हणाला, "ममा, ती चुकते. रेव्हरंड घाम डाव्या हाताने पुसतात, ती उजव्याने पुसते. उद्या डाव्याने कर म्हणावं." एवढं बोलून त्याने डोळे मिटले. त्याचा तो निरोप माझ्याकडे तसाच राहून गेला. मातीच्या दिवशी असलं कोण सांगतं, आणि तुला त्याची गरज आहे हे मला तरी कुठे माहीत होतं? आज पोचवते आहे. त्या पोरीला घरात परत आण, तिला कोट घालू दे, माझ्या ओटिसला त्याच्याच पलंगावर जाऊ दे. मग माझा होकार आहे, आणि मी कॉर्लिसला शेजारी घेऊन पहिल्या रांगेत बसेन. पण त्याआधी एकदा घरी ये आणि माझ्यासमोर रेव्हरंड कर. डाव्या हाताने.

तुझीच,
ममा