चंदेरी रंगाखालची बंदूक

बोरी, ता. जिंतूर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. सारंग यास ताईचे आशीर्वाद.

आमी इथं बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन तू उचलत न्हाईस, मेसेज वाचून गप बसतोस, तेव्हा पत्रच घालते. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवते, पण सख्ख्या भावाला असं लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. सोयाबीन बरं आहे. घटस्थापना आठ दिवसांवर आली.

आता बंदुकीचं. तीन वर्षांमागं खंडेनवमीला, भरल्या ताटावर बसून तू अण्णांना म्हणालास, "पणजोबा जहागीरदाराच्या रिसाल्यात होते आणि जर्मन कार्बाइन घेऊन आले, ही सगळी थाप आहे. हे कुण्या लोहारानं ठोकलेलं आहे. जाणकार माणूस जर्मन म्हणंल, त्या दसऱ्याला घरी येईन." अण्णा म्हणाले, "मग नकोच येऊ." तू ताटावरनं उठलास. एका बंद पडलेल्या बंदुकीपायी बाप-लेक अबोला धरून बसलेत आणि मधे मी बेजार. तर निकाल लागलाय. पण लगेच सांगणार न्हाई, आधी मी काय भोगलं ते वाच.

पोलीस ठाण्यातून निरोप आला. बंदूक कोणती, कुठल्या काळातली, चालू का बंद, हे जाणकाराकडून लिहून आणा, न्हाईतर जमा करा. मी परभणीचे सिद्धोधन सर शोधून काढले. इतिहास शिकवून निवृत्त झाले, जुन्या हत्यारांत जन्म गेला. फोनवर त्यांनी एकच बजावलं होतं, "धुवू नका, पुसू नका, आहे तशी राहू द्या." मी ते अण्णांना दहादा सांगितलं. होय होय म्हणाले.

बुधवारी शाळेतून आले, तर बंदूक भांड्यांच्या दुकानात ठेवल्यासारखी चमकायली होती. अण्णांनी ती ग्रिलवाल्या बालाजीकडं पाठवली होती, "पाहुणे येणार आहेत, जरा साफ करून दे" म्हणून. त्यानं पॉलिश पेपरनं घासली, खिडक्यांच्या गजांना मारतो तो चंदेरी रंग मारला, आणि लाकडाला वार्निश. वर म्हणे, अण्णांचं काम, जीव लावून केलंय. आता त्याच्याशी भांडायचं तरी कसं? अण्णा तिच्यावरनं हात फिरवत मला विचारायलेत, "कशी दिसायलीय गं हेमा?" मी "छान" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी सर आले. बंदूक बघून त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. आधी ती रिकामी आहे ना ते तपासलं, मग उलटीपालटी करून बघितली. नळी आखूड, लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत. खटका मागं ओढायचा दांडा खाली मुडपलेला आणि चपटा, म्हणजे घोड्यावर बसलं तरी मांडीला रुतत न्हाई. एका वेळी एकच गोळी. "घोडदळाचीच दिसते," ते म्हणाले, "पण अशा नकलाही झाल्यात. कारखान्याचे ठसे दिसल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही, आणि ठसे तुमच्या माणसानं घासून टाकले." मग जरा चिडूनच अण्णांना म्हणाले, "अहो, एवढा रंग फासलेला तुम्हाला दिसला कसा नाही?"

मी म्हणाले, "सर, चहा ठेवू का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग अण्णांच्या डोळ्यांकडं, आणि एकदम आवाज खाली आणला.

मग अण्णांनी बंदूक मांडीवर घेतली. करंगळीशेजारचं बोट डाव्या अंगानं फिरवत नेलं आणि एका जागी थांबवलं. "इथं बघा. खंडेनवमीला कुंकू मी इथं लावतो." सरांनी थिनरचा बोळा आणि बांबूची काडी घेतली. रंग निघाला तर खाली लालभडक. करडईच्या तेलात कालवलेल्या कुंकवाचा वर्षानुवर्षांचा थर, दगडावाणी घट्ट. "अण्णा, लोखंड सडवायलात" म्हणून तू हसायचास. सडतंच, सरांनीही त्यावरनं चांगलं झापलं. पण बालाजीचा पेपर त्या थरावरच घासला गेला, लोखंडाला लागलाच न्हाई. थराखाली मुकुट निघाला, वळणाची जर्मन अक्षरं निघाली, आणि ७१.

सरांनी लिहून दिलं. १८७१ च्या नमुन्याची जर्मन घोडदळाची कार्बाइन, अस्सल, आतली पिन मोडलेली, बंद. रंगामुळं जुनी हत्यारं जमवणारा कुणी हौशी माणूस आता हिला विकत घेणार न्हाई, असंही म्हणाले. पणजोबांकडं ती कशी आली हे ठसा सांगत न्हाई, हेही बजावलं. पण जर्मन आहे. तू हरलास.

मला वाटलं, अण्णा आता अख्ख्या बोरीत सांगत सुटतील. तर म्हणाले, "सारंगला कळवू नको. हरला म्हणून मान खाली घालून यायचं असंल, तर काहून बोलवायचं पोराला?" मी म्हणाले, मग कसा येणार तो? तर भिंतीकडं तोंड करून बसले. मला रडू आलं, रागानंच आलं.

तुला एव्हाना कळलं असेल. मला ते लिहायचं नव्हतं, अण्णांनी शपथ घातली होती. काचबिंदू आहे. शिमग्यापासून त्यांना उजेड-अंधार सोडून काही दिसत न्हाई, आणि गेलेली नजर परत येत न्हाई म्हणतात. "त्याला सांगू नको, दयेनं येईल." हरूनही यायचं न्हाई, दयेनंही यायचं न्हाई. मग यायचं तरी कसं, हे तुमी दोघांनी मिळून मला एकदा सांगा.

मी शपथ मोडली. माझ्याच्यानं आता एकटीनं होत न्हाई, सारंग. तू ये.

आणि आलास की दारात नुसता उभा राहू नकोस. अण्णा तुझ्याकडं तोंड करून, कोण आलंय म्हणून मला विचारतील, आणि ते तुला सोसणार न्हाई. चपला काढायच्या आधी हाक मार. आवाज ते ओळखतील.

तुझी,
दोघांच्या मधे थकलेली
हेमाताई