जपानी कॅसेटचा भावार्थ

८ जुलै १९९६, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण डोक्यात विचार फार येतात आणि ऐकायला सध्या घरी कोणी नाही. सौ. आणि सुकन्या जूनपासून निमगाव केतकीला, सौ.च्या माहेरी आहेत. सुकन्याची आठवी तिथेच. शाळा आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतही आहे, पण निमगावची जास्त हवेशीर आहे असं मी लोकांना सांगतो. तात्पुरती व्यवस्था.
जपानी साहेब आज गेले. नव्या टर्बाइनच्या कामासाठी महिनाभर आमच्या गेस्ट हाउसला होते. त्यांच्या कपाटात एक व्हिडिओ कॅसेट राहिली. लेबलवर जपानी अक्षरं, शेजारी निळ्या पेनने काढलेली शाळकरी मुलगी. रजिस्टरला नोंद केली : विसरलेली वस्तू, नग एक. गेस्ट हाउसचा सुपरवायझर या नात्याने ती तपासणं माझं कर्तव्य आहे.

९ जुलै
तपासली. दीड तास. कार्टून आहे. भाषा जपानी. एक अक्षर कळलं नाही. अर्थ पूर्ण समजला.

१० जुलै
पुन्हा तपासली. कथा अशी. बारा-तेरा वर्षांची मुलगी. एका सकाळी तिची सावली तिच्या आधी उठून शाळेला जाते. मास्तरांच्या मानेवर माशाचं डोकं. समुद्रकाठचं दीपगृह दोन पायांवर उभं राहून बाजारातून चालत जातं आणि भाजीवाल्या त्याला वाट करून देतात. मुलीचं दप्तर अंडं घालतं. मध्येच सगळं गाव नाचतं. एक छत्रीवाला मनुष्य दोनदा येतो, भराभरा बोलतो आणि जातो. शेवटी सावली समुद्रात उडी मारते आणि कॅसेट संपते.
छत्रीवाला म्हणजे मुलीचा बाप. मध्यवर्ती भूमिका.
आणखी एक. चित्र संपूर्ण काळं-पांढरं आहे आणि सतत खालून वर पळतं. मध्ये जाड काळा पट्टा. आधी वाटलं व्हीसीआर बिघडला. नंतर लक्षात आलं. वयात येणाऱ्या मुलीला जग असंच दिसतं. रंग नाही, पायाखाली काही थांबत नाही. एवढं धाडस आपल्याकडे कोण करणार?

१४ जुलै, रविवार. सायं. ५
निमगावला मेहुण्याच्या घरी, संभाजीरावांकडे फोन केला. सुकन्या आली. तिला पूर्ण कथा सांगितली, छत्रीवाल्याची भूमिका विशेष उलगडून. ती सात वेळा ‘हं’ म्हणाली. एवढं लक्ष देऊन तिने माझं कधी ऐकलं नव्हतं.
दिवाळीच्या सुटीत इकडे येशील ना विचारलं. ‘बघू’ म्हणाली. म्हणजे जवळजवळ हो.
योजना : दिवाळीला सुकन्या येणार. तिच्यामागे सौ. येणार. आल्यावर राहणार. जाताना सौ. म्हणाली होती, ‘तुमचं ऐकून ऐकून ह्या घराच्या भित्तीसुदिक दमल्या.’ तेव्हा उन्हाळा होता. उन्हाळ्यात माणूस काहीही बोलतो.

२८ जुलै
संकल्प : या कलाकृतीचं संपूर्ण रसग्रहण लिहायचं. गणेशोत्सवात कॉलनीत कार्यक्रम करायचा, आधी व्याख्यान, मग कॅसेट. सुकन्याला निमंत्रण. बाप काय चीज आहे ते तिला चार लोकांत दिसेल.
गेस्ट हाउसच्या स्वयंपाकीण चंद्राबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘सायेब, माशाच्या डोक्याचा मास्तर माझ्या पोरालाबी हाय. त्याला कॅशेट कशापायी?’ त्यांची समज तेवढीच.

११ ऑगस्ट, रविवार
दहाव्यांदा पाहिली. रसग्रहणाचे कच्चे मुद्दे :
गुण. काहीही होऊ शकतं. ऑफ सीझनला इथे काहीच होत नाही, भोंगासुद्धा नाही, त्यामुळे हा गुण मोठा वाटतो. मुलीचं हसणं आणि रडणं एकाच चेहऱ्यावर एका वेळी दाखवलंय, ते चांगलं साधलंय. दीपगृह चालतं तेव्हा माझ्याच छातीत काहीतरी हलतं. ते काय, ते सुचेना. नंतर लिहीन.
दोष. धरसोड फार. मधली वीस मिनिटं दिग्दर्शकालाच आवरलेली नाहीत, हौसेने भरलेलं गाठोडं सुटल्यासारखी. नाच अनावश्यक. मुलीला नक्की काय हवंय ते कुठेच सांगत नाही. आणि मुख्य दोष म्हणजे एका प्रसंगात मुलगी सार्वजनिक नळापाशी हंडा ठेवून नुसती बसते. दोन मिनिटं. नळाला पाणी नाही, संवाद नाही. तो भाग मी पुढे पळवतो.
बापाला प्रसंग दोनच. हाही दोष.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. स्टोअर कीपर आप्पासाहेब कॉलनीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांना गाठलं. ते म्हणाले, ‘कुंडलिकराव, कार्टून म्हंजे पोरांचं ना? मग तासभर द्या की. व्याख्यान मात्र पाच मिन्टं.’ मी म्हटलं, पाचच.

१ सप्टेंबर, रविवार
निमगावला जायचं ठरवलं होतं, प्रत्यक्ष निमंत्रण द्यायला. इस्त्रीचा शर्ट घातला. स्टँडवर गेलो. गाडी आली, गर्दी होती. पुढची येईल म्हणून थांबलो. पुढचीलाही होती. मग विचार केला, बोलावणं पत्राने जास्त भारदस्त होतं.
चार पानी पत्र टाकलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार
कार्यक्रम झाला. सायंकाळी सातला सुरू. सव्वाशे माणसं. सुकन्या आली नाही. चाचणी परीक्षा असणार.
व्याख्यान मी आटोपशीर ठेवलं, पन्नास मिनिटं. मग कॅसेट. पाचव्या मिनिटाला आप्पासाहेब मोठ्याने म्हणाले, ‘कुंडलिकराव, चित्र पळतंय का आमचं डोळं गेलं?’ मंडप हसला. मी उभा राहून पळत्या चित्राचा भावार्थ सांगितला. मागून कोणीतरी म्हणालं, ‘भावार्थ नगं, ट्रॅकिंग फिरवा.’ ट्रॅकिंगचं बटण मी जुलैतच पूर्ण फिरवून पाहिलं होतं. त्याने भावार्थ बदलत नाही.
पोरं दप्तराच्या अंड्याला तेवढी हसली. नंतर घोषणा ‘देवाचा पिच्चर दाखवा, देवाचा पिच्चर दाखवा’ अशा. शेवटी प्रेक्षकांत चंद्राबाई आणि मंडपवाला. मंडपवाल्याला खुर्च्या न्यायच्या होत्या.
संख्या कमी, दर्जा उत्तम.

२१ सप्टेंबर
सकाळी चंद्राबाई चहा ठेवून थांबल्या. म्हणाल्या, ‘सायेब, त्या पोरीशी कुणीच नीट बोलंना बघा. समदी आपलंच सांगत्यात. म्हून तिची सावली पळून गेली.’
मी त्यांना समजावलं की विषय तो नाही, विषय बापाचा आहे. अर्धा तास समजावलं. चहा गार झाला.

२६ सप्टेंबर
नवी योजना. जुनीपेक्षा चांगली. कॅसेटच सुकन्याकडे पाठवायची. सोबत रसग्रहण, बावीस पानं, समासात वेळा टाकून : अमुक मिनिटाला थांबव आणि पान सात वाच. रजिस्टरमध्ये शेरा मारला, ‘अभ्यासासाठी बाहेर’.
पार्सल बांधून इंदापूर गाडीच्या कंडक्टरकडे दिलं. निमगावच्या स्टँडवर संभाजीराव उतरवून घेणार. आपल्याकडे हंड्यापासून औषधापर्यंत सगळं असंच जातं, कधी हरवत नाही. कंडक्टरने विचारलं, ‘आत काय? फुटायचं हाय का?’ मी त्याला कथा सांगायला लागलो. त्याने डबल बेल दिली.

७ ऑक्टोबर, सोमवार
सुकन्याचं कार्ड आलं. जसंच्या तसं उतरवतो :
‘ती. पप्पांस शि. सा. न. कॅसेट मिळाली. चार वेळा बघितली. मला फार आवडली. तिचे केस गुलाबी आहेत. मामांच्या मशीनवर स्वच्छ दिसते. आई बरी आहे. तुमची, सुकन्या.’
गुलाबी? मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते. चार वेळा पाहिली, हे महत्त्वाचं. रविवारी स्वतः जाणार. गाडीला कितीही गर्दी असो.

१३ ऑक्टोबर, रविवार. रात्री ८
गेलो. आलो.
संभाजीरावांचा व्हीसीआर मस्कतहून आलेला. म्हणाले, ‘दाजी, आपल्या मशिनीवर जपानची कॅशेट लागत न्हाय. पळती, रंग मरत्यात. ह्याच्यावर जगातली कंची बी लावा.’ लावली.
चित्र जागच्या जागी होतं. केस गुलाबी. दीपगृह लाल-पांढरं, त्याचे पाय हिरवे. समुद्र असा निळा की मी पाच मिनिटं बोललो नाही. सौ.ने दारातून डोकावून पाहिलं, मला बरं नाही की काय म्हणून.
मग छत्रीवाला आला. मी म्हटलं, हा बाप. सुकन्या म्हणाली, ‘न्हाय पप्पा. त्यो घरमालक हाय. तिला घरी कुणीच न्हाय. त्यो खोली सोडा म्हणून सांगतोय, सामानाकडं हात करतोय बघा.’
पाहिलं. सामानाकडेच हात करत होता. सोळा वेळा पाहून मला सामान दिसलं नव्हतं. चित्र पळत होतं, हेही खरं.
नळाचा प्रसंग आला तेव्हा मी रिमोट घेतला. तिने माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली हाच तर चांगला भाग आहे. दोन मिनिटं दोघं बसलो. मला ती दोन मिनिटं फार लांब वाटली.
चहा झाल्यावर दिवाळीचं विचारलं. ती बराच वेळ परकराची किनार बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, ‘पप्पा, बावीस पानं वाचली मी. त्यात समदं तुमाला काय वाटलं ते हाय. मला काय वाटलं, ते इचारलंच न्हाय तुमी.’
सौ.ने माझ्या कपात आणखी चहा ओतला.
पाच पंचवीसच्या गाडीने परत. खिडकी मिळाली. ती नाही म्हणालेली नाही, याची इथे नोंद करतो.

१६ ऑक्टोबर
संकल्प : विचारायचं. एकच प्रश्न. आणि मग गप्प बसायचं. चंद्राबाईंवर सराव केला. विचारलं, आज भाजी कोणती करावी असं तुम्हाला वाटतं? त्या घाबरल्या. म्हणाल्या, ‘काय चुकलं का सायेब?’ मी त्यांना प्रयोगाचा हेतू सांगितला. भाजी राहून गेली.

२० ऑक्टोबर
पुन्हा सराव, आप्पासाहेबांवर. ते सलग चाळीस मिनिटं बोलले, पाठदुखीवर. मी मध्ये फक्त चार वेळा बोललो. प्रगती आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार. दु. १२
आज नव्या हंगामासाठी बॉयलर पेटला. पूजा झाली, नारळ फुटले, सगळी कॉलनी तिकडे होती. मी ऑफिसात आलो. फोन लगेच लागला, सुकन्यानेच उचलला. पाठीमागे सौ. कोणालातरी तीळ निवडायला सांगत होती.
मी लगेच विचारलं. बाळ, ती कॅसेट बघून तुला काय वाटलं?
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत थांबलो. पाच सेकंद. दहा. तिचा श्वास ऐकू येत होता. ती म्हणाली, ‘मला ना पप्पा...’ आणि पुन्हा थांबली. बारा. पंधरा. पोरीची कुचंबणा मला बघवेना. तिला शब्द सापडत नसणार. म्हणून तिला काय वाटलं असेल ते मीच सांगितलं. मुलगी एकटी आहे, रंग आत्ता कुठे दिसायला लागलेत, दीपगृह चालतं कारण कोणीतरी तिच्याकडे यायला निघालंय. चांगलं उत्तर होतं. बावीस पानांत एवढं चांगलं आलेलं नाही. वीस मिनिटं लागली.
शेवटी म्हटलं, असंच ना?
ती म्हणाली, ‘व्हय पप्पा.’ मग म्हणाली, ‘ठेवू?’
ठेवला.
एकूण संवाद उत्तम झाला. दिवाळीचं विचारायचं राहून गेलं.