नामांची वही

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. तुझी भाची चिमी हल्ली तुझ्यासारखीच चष्म्यावरून बघते, त्यामुळे आम्ही नवराबायको घरात जपून वागतो.

माझ्या शिकवणीच्या यंदा तीन तुकड्या झाल्या. गणिताची चिंता नाही, पण आता पालकांना इंग्रजी व्याकरणही हवं आहे, आणि तिथे माझी भंबेरी उडते. परवा फळ्यावर 'फर्निचर्स' लिहिलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी तोंडावर वही धरून हसली. तुझी ती नामांची वही महिनाभर पाठवशील का? मुलांना उतरवून देतो आणि रजिस्टर्ड टपालानं परत करतो. नाही म्हणू नकोस. लहानपणी माझी शुद्धलेखनं तूच लिहून द्यायचीस, त्याचं पाप तुझ्या माथी आहेच.

माया आहे तशीच ठेव.
तुझा टिल्लू

२० जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

वही पाठवते आहे. जपून वापर, दुसरी प्रत नाही. बावीस वर्षं आठवीच्या मुलींनी ज्या ज्या चुका केल्या, त्यातून एकेक पान झालं आहे. मोजता न येणारी नामं कशी ओळखायची, हे कुठल्याही पुस्तकातून शिकवून त्यांना कधी कळलं नाही. मग मी सांगू लागले की मराठीत आपण चार सल्ले देतो, इंग्रजीत कितीही दिले तरी सल्ला एकच राहतो. आपले केस गळतात, इंग्रजीत सगळं डोकं मिळून एकवचनी. मुली हसल्या की समजावं, नियम आत गेला.

मालकी दाखवणाऱ्या 's'च्या पानावरची वाक्यं आपल्या घरातली आहेत. 'आईचा चष्मा खिडकीत आहे' हे तिच्या शेवटच्या आजारात लिहिलं. ते पान मुलांना देऊ नकोस, नुसतं वाच.

आमच्या गल्लीतल्या छापखानेवाल्यांशी बोलणं झालं आहे. पुढल्या वर्षी निवृत्त होण्याआधी वही छापायची म्हणते. नावापुढे 'लेखिका' लागणार म्हणून आत्तापासूनच लाजते, हस मेल्या.

चिमीला पापा. पत्र धाडत जा.
तुझी ताई

४ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

महिन्याचे चार झाले. तीन पत्रांना उत्तर नाही. फोन केला तर तुझी बायको म्हणाली की हे अंघोळीला गेलेत, आणि मागून तुझा खोकला ऐकू आला. वही हरवली असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. पुन्हा लिहायला बसेन. पण सांग.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

वही सापडली. काल पुस्तकविक्रेता आमच्या शिक्षकखोलीत आला आणि नमुना प्रती टेबलावर मांडून गेला. मलपृष्ठावर तुझा फोटो, टाय लावलेला. आत माझी बावीस वर्षं. सल्ला, केस, सगळं जसंच्या तसं. आईचा चष्माही एकेचाळिसाव्या पानावर आहे, खाली रिकाम्या जागा भरा.

मुख्याध्यापिकाबाईंनी तेच पुस्तक आठवीला लावलं. मला म्हणाल्या की भाऊ एवढा हुशार आहे, कधी बोलला नाहीत. बाजूच्या खुर्चीवरच्या नव्या बाईंनी हळूच विचारलं की तुमची ती केसांची गंमत भावाच्या पुस्तकातलीच का. छापखानेवाले म्हणाले, बाई, आता हे छापलं तर चोर तुम्ही ठराल.

का केलंस, एवढंच लिही.

ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू राईचा पर्वत करते आहेस. व्याकरणाचे नियम काय आपल्या घराण्याचे आहेत? ते इंग्रजांचे. मी मांडणी केली, स्वाध्याय घातले, उत्तरं तयार केली. प्रकाशक म्हणाला की शिकवणीचं नाव असेल तर पुस्तक खपतं. शाळेतल्या बाईंची वही कोण घेणार? तुझी छापून झाली असती आणि छापखान्यातच धूळ खात पडली असती. प्रस्तावनेत 'कुटुंबीयांचे आभार' आहेत, ते दुसऱ्या कुणाचे?

पुढल्या आवृत्तीत बघू. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नकोस. आईला काय वाटलं असतं?

भाऊ

९ सप्टेंबर

श्री. लेखकमहाशयांस,
स. न. वि. वि.

आईचं नाव तू काढायला नको होतंस. त्या एका ओळीनं मी उठले. माझ्या सात जुन्या विद्यार्थिनींनी आपापल्या आठवीच्या वह्या काढल्या. एक आता परिचारिका आहे, ती रजा टाकून आली. प्रत्येक पानावर माझी लाल शाईतली सही आणि तारीख; सगळ्यात जुनी एकोणीस वर्षांपूर्वीची. त्या गठ्ठ्यासह मी प्रकाशकाकडे गेले. पुढचं तुला ठाऊक आहे. नव्या आवृत्तीवर माझं एकटीचं नाव आलं, तुझ्या दोन तुकड्या रिकाम्या झाल्या, आणि चिमीच्या वाढदिवसाला येऊ नका, असा तुझ्या बायकोचा निरोप आला.

वाटलं होतं, नाव पाहून छाती भरून येईल. गेल्या आठवड्यात घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतले. चाळीसपैकी एकतीस मुलींनी 'पोलीस'पुढे 'इज' लिहिलं होतं. इंग्रजीत पोलीस नेहमी अनेकवचनी असतात, हे मी पहिल्याच महिन्यात फळ्यावर शिकवलं होतं. पण मुलींनी पाठ केली ती पुस्तकामागची उत्तरं, म्हणजे तू घातलेली. प्रकाशकानं घाईत फक्त मुखपृष्ठ बदललं, आणि मीही नावाच्या नादात शेवटची पानं उघडून पाहिली नाहीत.

काल वर्गात सगळ्यांना पान त्रेसष्ट काढायला लावून ती ओळ खोडायला सांगितली. एका मुलीनं विचारलं की बाई, पुस्तक तुमचंच ना, मग चुकलं कसं. तुझं नाव जिभेवर आलं होतं. चाळीस मुली पेन्सिली धरून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, चूक माझी आहे.

उत्तराची अपेक्षा नाही. चिमीला आशीर्वाद, ते मात्र पोचव.

आठवीच्या इंग्रजीच्या बाई