भस्मात उमटलेलं नाव

३ फेब्रुवारी
शंभर पार! इथल्या, सुरतेतल्या आमच्या गोसावी समाजाच्या समाधीभूमीतले एकशे चार दगड फोटोसकट पूर्वज शोधणाऱ्यांच्या साइटवर चढवले. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, म्हणून दगड तरी मागे राहतो. अक्षरं झिजलेली असली की भस्म चोळायचं, वरून हात फिरवायचा — खाचेत भस्म बसतं, नाव वर येतं.

नवरा, योगराज, हसतो. "मरेल मानसंसनी हजेरी लेवाले निंघनी." निघाले तर निघाले! काल अकोल्याच्या एका बाईंना माझ्या फोटोंत पणजोबा सापडले.

८ फेब्रुवारी
कुंपणाकडचा अर्धा गाडलेला दगड. अक्षरं गुजराती. भस्म चोळलं —
भटूगिरी सुखदेवगिरी, खानदेश. १२-३-१९८१.

माझे सासरे! ऐंशीच्या दिवाळीनंतर कापडाच्या लूमवर कामाला म्हणून इथे सुरतेला आले, ते परत गेलेच नाहीत. योगराज तेव्हा पोटात. दुसरी बाई केली असणार, असं गावाने ठरवून टाकलं. सासूबाईंना पंचेचाळीस वर्षं 'नवऱ्याने टाकलेली' म्हणून ऐकावं लागलं. योगराज तर बापाचं नावही काढू देत नाही. आणि माणूस चार महिन्यांत मातीआड गेलेला. फोटो नीट काढला.

९ फेब्रुवारी
घरात सांगितलं नाही. सकाळी सासूबाई आरशासमोर कुंकू लावत होत्या, रोजच्यासारखं, ठसठशीत. ते मी पुसायला लावू?

११ फेब्रुवारी
नोंद टाकली होती. 'पत्नी' ही जागा रिकामी ठेवून. दुपारी इथल्याच भेस्तान भागातल्या वर्षाताईंचा मेसेज — "हा दगड माझ्या वडिलांनी लावला. भटूकाका त्यांच्याच खोलीत राहायचे. तीन दिवसांच्या तापात गेले. गाव कोणतं, कुणालाच ठाऊक नव्हतं, कळवणार कुठे? वडील सांगायचे, काकांनी होणाऱ्या बाळासाठी झबलं घेतलं होतं, सगळ्यांना दाखवत फिरायचे."

फोन योगराजच्या हातात दिला. त्याने तीनदा वाचलं. लहान मुलासारखा रडला. मग तोंड धुऊन म्हणाला, "मायले मी सांगस."

१२ फेब्रुवारी
सासूबाईंनी कुंकू स्वतःच पुसलं. 'पत्नी'च्या जागी सरलाबाई असं आपलं नाव माझ्याकडून लिहून घेतलं. मग पदर नीट करून बाहेर पडल्या, आणि गल्लीतल्या एकेका गाववालीच्या दारात उभं राहून सांगून आल्या — "मी टाकेल नई शे. मी विधवा शे."