हॉलमधली गुणगुण

३ मार्च, सोमवार

रंगकाम संपलं, सामान जागेवर लागलं, आणि हॉल गुणगुणायला लागला! म्हणजे नवऱ्याचे ते दोन धिप्पाड स्पीकर. गाणं चालू असताना कळत नाही. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र बारीक गुंऽऽ. मी म्हटलं, "ऐकू येतंय ना?" याने क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो, हो. आहे खरी."

आयुष्यभर स्टुडिओत बसून दुसऱ्यांच्या आवाजातले खडे वेचणारा माणूस, आणि घरची गुणगुण बायकोला आधी ऐकू यावी! तसं बोलूनही दाखवलं. हसला नाही.

५ मार्च, बुधवार

पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट — एकेक बंद करून पाहिलं. सगळे निर्दोष.

६ मार्च, गुरुवार

स्टुडिओच्या मालकांचा फोन. महिनाअखेर हा निवृत्त होतोय, पण ते सोडायला तयार नाहीत. नभोनाट्यांची मोठी मालिका करायचीय. याने ऐकून पास केल्याशिवाय एकही भाग बाहेर जाणार नाही म्हणे. सतरा तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं. वाटलं, उड्या मारेल. तर म्हणतो, "आधी ही गुणगुण मिटवू दे." घ्या!

याने हो म्हणावं असं मला मनापासून वाटतं. कामावाचून हा माणूस घरात काय करेल, मला कल्पनाच करवत नाही.

८ मार्च, शनिवार

वायरमन आला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "ॲम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका. आवाज गायब!" नवरा तडकला — "आणि उद्या पेटीत करंट उतरला की मी गायब!" वायरमन चहा न घेताच गेला. अर्थिंगशी खेळायचं नाही, यावर संध्याकाळपर्यंत व्याख्यान. मी कुठे खेळत होते?

९ मार्च, रविवार

अख्खी सुट्टी यात गेली. दुखणं साधंच आहे, असं याचं म्हणणं. टीव्ही, ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर — सगळे वायरींनी एकमेकांना जोडलेले. त्यात दोन वस्तूंना जमिनीकडे जायच्या दोन वेगळ्या वाटा मिळाल्या की मध्ये एक वर्तुळ तयार होतं. वीज त्यात फिरत राहते, आणि तीच स्पीकरमधून गुणगुणते. वर्तुळ कुठे तोडायचं, एवढंच शोधायचं.

हा कपाटामागे, मी खुर्चीवर.

"आता?"

"आहे."

"आता?"

"आहे रे बाबा!"

मधूनच बाहेर येतो, स्पीकरवर तळहात ठेवतो, डोळे मिटतो. म्हटलं, "स्वतःच ऐक की! मला कशाला बसवलंयस?" तर म्हणे, तुझे कान ताजे आहेत. एवढ्या वर्षांत माझं पहिलं कौतुक, तेही कानांचं!

११ मार्च, मंगळवार

दूध उतू गेलं. मी बाथरूममधून ओरडतेय — गॅस बंद कर, गॅस बंद कर! हा हॉलमध्ये कागदावर वायरींची चित्रं काढत बसलेला. ढिम्म हलला नाही. आवाजाच्या मागे लागला की याला घरचं काही ऐकू येत नाही.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, नवीन सेट घेऊन टाका ना." हिला बापाचा स्वभाव अजून कळला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सापडलं! टीव्हीची केबल. तिचं अर्थिंग वर गच्चीवर, आपलं खाली मीटरपाशी — या त्या दोन वाटा. याने टीव्हीच्या मागून केबल उपटली आणि माझ्या तोंडून आपोआप "गेली!" निघालं. केसांत जळमटं घेऊन बाहेर आला. तोंडभर हसला. किती दिवसांनी!

उद्या आयसोलेटर नावाची बोटभर डबी आणून केबलच्या मध्ये बसवायची. म्हणजे टीव्हीही चालेल आणि वर्तुळही तुटेल.

१५ मार्च, शनिवार

डबी बसवली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, नळ धो धो. हॉलमधून हाक — "आता?" मी सवयीने दारातून डोकावून ओरडले, "आहे!"

हात पुसत बाहेर आले. सगळं चालू. गुणगुण अजिबात नव्हती. टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकं शांत. हा स्पीकरपाशी गुडघ्यांवर बसलेला, तळहात टेकून. म्हणाला, "आहे ना. कालपेक्षा जास्तच."

मी थिजले. मग कसंबसं म्हटलं, "थांब जरा... गेली बघ."

"हो! गेली!" लगेच म्हणाला. लगेच.

१६ मार्च, रविवार

दिवसभर गाणी लावून बसला होता. मी त्याच्याकडे बघत होते. भीती वाटतेय. आणि रागही येतोय, कुणाचा ते कळत नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी मालकांना फोन लावायला बसला. म्हटलं, "जरा थांब. दुपारी कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय. माझ्यासाठी. सोबत येशील?"

फोन खाली ठेवला.

"कधी कळलं तुला?"

"परवा. तुला?"

"झालं वर्षभर."

"मग ही गुणगुण?"

"मला ती एकदाही ऐकू आली नाही," म्हणाला. "तू आहे म्हणालीस, म्हणून शोधत होतो."