लीकचं प्रदर्शन आणि हृदयाची तारीख

ब्लेनहॉप, ४ मार्च २०१४

चि. कथबर्ट यास एनिडताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. माझा लान्स त्याच्या लाडक्या लीकच्या, त्या जाड पातीच्या कांद्यांच्या, वाफ्यात कोसळून गेला, त्याला आज बारा दिवस झाले. आता अचानक मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरबाईंनी त्याच्या आजारपणाचे सगळे कागद मागवलेत. कुणाला सांगू नकोस. सप्टेंबरात इस्पितळाचं पत्र आलं होतं, हृदय तपासायची तारीख नेमकी लीक-प्रदर्शनाच्या दिवशी! आमचा लीक मनगटाहून जाड, पहिलं बक्षीस घरात आल्यातच जमा. मी पत्र घड्याळामागे सारलं. म्हटलं, आठवड्यानं काढून देऊ. ते राहिलंच. म्हणजे नवऱ्याला मीच मारलं ना रे?

काल चटणीची बरणी घेऊन डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, पेशंटचं गुपित पोटात ठेवता ना, मग ठेवा. त्यांनी बरणी ठेवून घेतली आणि कागद शुक्रवारीच रवाना झाल्याचं सांगितलं.

तू कोर्टात कारकुनी केलीस. वाट काढ. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

कार्लाइल, ८ मार्च

ती. एनिडताईस सा. न.

कॉरोनरनं लेखी मागितलं की डॉक्टरला द्यावंच लागतं, नाहीतर त्यालाच दंड. मेलेल्याचं गुपित गावापासून झाकता येतं, कॉरोनरपासून नाही. आणि तुझ्या चटणीनं कुणी फितूर होईल हे संभवत नाही, मी ती खाल्लेली आहे.

थट्टा पुरे. थोराड कांद्याच्या पातीपायी नवरा घालवलास, असं दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तूच उभी राहून सांग. ती काळी टोपी मात्र घालू नकोस, सराईत गुन्हेगार दिसतेस.

राग धरू नये.

कथबर्ट

ब्लेनहॉप, २८ मार्च

चि. कथबर्ट यास आशीर्वाद.

काल चौकशी झाली. उभी राहिले, तोंड उघडणार, तोच कॉरोनरबाईंनी हळुवारपणे माझीच प्रकृती विचारली! कागदांत सगळी नोंद आहे. पत्र आल्यावर चौथ्या दिवशी लान्सचा इस्पितळात फोन: बायको अत्यवस्थ, येता येत नाही. नोव्हेंबरातल्या नव्या तारखेला सबब माझ्या ऑपरेशनची. जानेवारीत तर मी शेवटच्या घटका मोजत होते. मेल्यानं घड्याळामागचं पत्र वाचून जसंच्या तसं परत सारलं होतं!

मी सगळं सांगून टाकलं. पत्र लपवल्याचं, आणि प्रदर्शनात दिवसभर ठणठणीत उभी राहून सँडविच कापल्याचंही. बाई म्हणाल्या, पत्र त्याला मिळालं होतं, न जाणं त्यानंच ठरवलं. मृत्यू नैसर्गिक.

घरी येऊन त्याच्या खुर्चीशी तासभर भांडले. मला जानेवारीत मारायला निघालास, मग फेब्रुवारीत स्वतःच कसा गेलास, म्हणून विचारलं. मग रडू फुटलं. तो गेल्यापासून भीतीपायी रडायचं राहूनच गेलं होतं.

लोभ आहेच, तो असाच खट्याळ राहो.

तुझी, तीनदा मरणातून वाचलेली,
एनिडताई