तुमच्या दुकानाच्या पानावरची ती ओळ

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. (हा शब्द जपून वाचा, याच विनंतीने माझा घात केला आहे.) तुमची पाठ कशी आहे? मामींचा राग कसा आहे? मी ठणठणीत, नोकरी मात्र सोमवारपर्यंतच ठणठणीत. आणि नोकरी गेली की ‘ती’ही गेली, कारण ती समोरच्याच टेबलावर बसते.

कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, पोरगा काय दिवे लावतो बघू. तर ऐका. तुमच्या चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट आमच्याकडे आहे (काम तुम्ही दिलंत, म्हणून तर मला घेतलं). पानं मी बनवतो, चुका ती काढते. (माझ्याही काढते. मला आवडतं.) तोंडाने सांगायची छाती नव्हती, म्हणून म्हटलं, तिच्या नावाने पान उघडलं की तिलाच दिसेल अशी एक ओळ ठेवावी. आता असं असतं मामा, कोणी पान मागितलं की ती झाली एक विनंती. त्या विनंतीच्या खिशात काहीही ठेवावं. सर्व्हरच्या आतल्या आत या टेबलावरून त्या टेबलावर ते विनंतीबरोबर जातं. पण उत्तर बाहेर पडलं की विनंती संपली, खिशासकट. मी ओळ खिशात ठेवली आणि लगेच खाली ‘दुसऱ्या पानाकडे जा’ असं लिहून मोकळा झालो. म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवून दुसऱ्या दाराने बोलावलं. तो आला नवी विनंती घेऊन, रिकाम्या खिशाने. तिला ओळ दिसलीच नाही. मला वाटलं, वाचून गप्प बसली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. (तिच्या ते लक्षातही आलं नाही, हे जास्त लागलं.)

मग डोकं फिरलं. खिसा नको न् काही नको, ओळ सरळ सर्व्हरच्या सामायिक फळीवर ठेवली. (तिथलं सगळ्यांना दिसतं, हे मला माहीत होतं. रागात आठवलं नाही.) ‘तुला पाहिल्यापासून मला दुसरं काही दिसत नाही.’ चष्म्याच्या दुकानाच्या पानावर. पुढचे फोन तुम्हीच उचललेत. एका आजोबांनी तर, मलाही अगदी असंच होतंय, कधी येऊ, असं विचारलं म्हणे.

साहेब तापले, मी त्यांच्याहून तापलो. साहेब म्हणाले, सोमवारी निकाल लावतो. तेवढ्यात ती माझ्या टेबलापाशी आली.

“ओळ सगळ्यांना दिसतेय.”

“दिसू दे.”

“दिसू दे काय? एकीलाच दिसायला हवी होती ना? दुरुस्त कर.”

मामा, ती दुरुस्त कर म्हणाली. काढून टाक म्हणाली नाही.

बाकी क्षेम.

तुमचा भाचा

ता. क. आमच्या साहेबांना सोमवारच्या आत एवढंच कळवा, की ती ओळ दुकानाची जाहिरात म्हणून तुम्हीच सांगितली होती.

ता. क. २. मामी विचारतील, कोणासाठी? त्यांच्यासाठीच, म्हणा. (खोटं कुठे आहे? त्या समोर असल्या की तुम्हाला दुसरं काही दिसत नाही, हे मी लहानपणापासून बघतोय.)

ता. क. ३. उत्तर धाडलंत की हे पत्र फाडून टाका. विनंतीचं तसंच असतं. फळीवर मात्र ठेवू नका, मामी तिथूनच डबे काढतात.